फिल्मफ्रीवे: मालिका करता करता लघुपट बनवणाऱ्या अभिनेत्रींसाठी एक परीक्षण

मालिकेत रोज दिसणारा चेहरा लघुपटाच्या पोस्टरवर आला की निम्मं काम झालं, असं सेटवर हमखास ऐकू येतं. इथल्या प्रेक्षकांपुरतं ते खरंही आहे. पण परदेशातल्या निवड समितीला टीआरपी ठाऊक नसतो. तिच्यासमोर येतो एक दुवा, एक पासवर्ड आणि पानभर इंग्रजी मजकूर. हा ऐवज जगभरच्या महोत्सवांना पाठवण्यासाठी आज जे साधन बहुतेक सगळे वापरतात, ते म्हणजे फिल्मफ्रीवे. महिन्यातले वीस-पंचवीस दिवस मालिकेला देऊन उरलेल्या दिवसांत स्वतःचे लघुपट करणाऱ्या अभिनेत्रीला ही सेवा कितपत उपयोगी आहे, कुठे पैसे वाचतात आणि कुठे बुडतात, हे इथे तपासलं आहे.

मराठीत टीव्हीवरून कॅमेऱ्यामागे जाणं नवं नाही. ‘सुरभि’मुळे घराघरांत पोचलेल्या रेणुका शहाणे यांनी २००९ मध्ये ‘रीटा’ दिग्दर्शित केला आणि पुढे ‘लूप लाइन’ हा मराठी अ‍ॅनिमेटेड लघुपटही केला. अशा कामाची पुढची वाट महोत्सवांतून जाते, आणि ती अवघड असते ती मुख्यतः कागदपत्रं, तारखा आणि फायलींमुळे.

फिल्मफ्रीवे २०१४ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमधून सुरू झालं. त्याआधी विदाउटअबॉक्स या तशाच सेवेचं राज्य होतं. ते २००० साली निघालं, २००८ मध्ये आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळाने घेतलं आणि २०१९ मध्ये बंद झालं. तेव्हापासून फिल्मफ्रीवेला तोडीस तोड असं कुणी उरलेलं नाही. चित्रपट करणाऱ्याला खातं फुकट, चित्रपट चढवणं फुकट. महोत्सव आपली प्रवेश फी स्वतः ठरवतो आणि फिल्मफ्रीवे त्यातून आपलं कमिशन घेतं. हा व्यवहार नीट लक्षात ठेवावा, कारण या सेवेचे गुण आणि दोष दोन्ही त्यातूनच आलेले आहेत. तुम्ही जितके जास्त अर्ज कराल तितका संकेतस्थळाचा फायदा. म्हणून अर्ज करणं कमालीचं सोपं केलेलं आहे. ‘इथे अर्ज करू नका’ असं मात्र ते तुम्हाला कधीच सांगणार नाही.

सोपेपणाबद्दल पूर्ण गुण द्यायला हवेत. लघुपटाचं पान एकदाच भरायचं: मूळ नाव, इंग्रजी नाव, दोन-चार ओळींचा सारांश, श्रेयनामावली, लांबी, पूर्ण झाल्याची तारीख, खर्च, कॅमेरा, पडद्याचं प्रमाण, दिग्दर्शकाचं निवेदन आणि परिचय, पोस्टर, स्थिरचित्रं, ट्रेलर. मग महोत्सव निवडा, विभाग निवडा, पैसे भरा. पाचव्या महोत्सवाला अर्ज करायला पाच मिनिटं पुरतात. मेकअप रूममध्ये शॉटची वाट बघत बसलेल्या बाईला हे फोनवरूनही जमतं. पण पहिल्यांदा पान भरायला मात्र एक अख्खी सुट्टी काढा, कारण घाईत भरलेलं तेच पान पुढे सगळीकडे जातं.

टीव्हीतून आलेल्यांच्या पानांवर काही चुका वारंवार दिसतात. परिचयात मालिकांची यादी असते, पारितोषिक सोहळे असतात, इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर्स असतात. निवड करणाऱ्याला हवं असतं ते एवढंच, की ही व्यक्ती कोण, कुठली, आधी काय दिग्दर्शित केलं आणि आत्ताचा विषय तिच्याकडे कसा आला. अभिनयाची कारकीर्द एका वाक्यात येऊ द्या, साठ-सत्तर शब्दांत परिचय संपवा. फोटोंचंही तसंच. मालिकेच्या प्रोमोसाठी काढलेल्या पैठणी-नथीतल्या फोटोंचे हक्क बहुधा वाहिनीचे किंवा निर्मितीसंस्थेचे असतात, शिवाय ते लघुपटाबद्दल काहीच सांगत नाहीत. चित्रपटातलीच चार-पाच स्थिरचित्रं द्या आणि ती व्हिडिओतून फ्रेम थांबवून काढण्याऐवजी सेटवर वेगळ्या कॅमेऱ्याने काढून घ्या. महोत्सवाच्या पुस्तिकेत छापायला मोठ्या आकाराची फाइल मागतात, आणि थांबवलेली फ्रेम छपाईत फुटते.

अर्जासोबत छोटं पत्र जोडायची सोय असते. ते कोरं ठेवू नये. दोन ओळी पुरतात: याच महोत्सवाला का पाठवतोय आणि प्रीमियर, म्हणजे पहिलं जाहीर प्रदर्शन, शिल्लक आहे का. न्यूयॉर्कच्या भारतीय चित्रपट महोत्सवासारख्या ठिकाणी, किंवा जिथे मराठी मंडळी जमणार आहेत तिथे, मालिकेचा उल्लेख जरूर करा. सभागृह भरायला त्याचा उपयोग होतो आणि आयोजकांना तो हवाच असतो. इतरत्र तो गाळा.

आता चित्रपटाच्या फाइलकडे येऊ. फिल्मफ्रीवेवर चित्रपट थेट चढवता येतो किंवा व्हिमिओ, यूट्यूबसारख्या ठिकाणचा दुवा देता येतो. पासवर्ड लावलेला व्हिमिओचा दुवा बरा, कारण व्हिमिओच्या सशुल्क योजनेत दुवा तोच ठेवून आतली फाइल बदलता येते. यूट्यूबवर तसं करता येत नाही. नवी फाइल म्हणजे नवा दुवा. रंगसंस्करण अपुरं असताना अर्ज करावा लागला तर हा फरक मोलाचा ठरतो. पासवर्ड एकदा ठरवला की निकाल लागेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. समितीतले लोक वेगवेगळ्या आठवड्यांत चित्रपट बघतात, आणि पासवर्ड चालला नाही तर तुम्हाला कळवायला कुणी बसलेलं नसतं. पाहणीच्या प्रतीसाठी १९२० बाय १०८० ची एच २६४ एमपी४ फाइल, १० मेगाबिट प्रतिसेकंद, पुरेशी आहे. पंधरा मिनिटांच्या लघुपटाची फाइल सव्वा जीबीच्या आत बसते. यापेक्षा जड फाइलचा फायदा नाही, उलट मंद इंटरनेटवर ती अडखळते. इंग्रजी सबटायटल पाहणीच्या प्रतीत चित्रावरच छापलेली असावीत. सबटायटल नसलेली स्वच्छ प्रत आणि वेगळी एसआरटी, म्हणजे सबटायटलचा मजकूर आणि वेळा असलेली फाइल मात्र जपून ठेवा, निवड झाल्यावर तीच मागतात.

टीव्हीच्या टीमबरोबर लघुपट केला की एक अडचण जवळजवळ ठरलेली असते, आणि फिल्मफ्रीवेच्या पानावर ती दिसत नाही. आपल्याकडे टीव्ही सेकंदाला २५ फ्रेमवर चालतो. मालिकेचा कॅमेरामन सवयीने २५ वर कॅमेरा लावतो, एडिटर २५ ची टाइमलाइन उघडतो आणि चित्रपट तसाच पूर्ण होतो. चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, म्हणजे डीसीपी, ही मुख्यतः २४ फ्रेमची असते. २५ ची डीसीपी बनवता येते, पण डीसीपीचं जुनं इंटरऑप प्रमाण ती मानत नाही आणि सगळीकडचे प्रोजेक्टर ती बिनतक्रार चालवतील याची खात्री नसते. मग २५ चं २४ करावं लागतं आणि चित्रपट सुमारे ४ टक्क्यांनी मंदावतो. १४ मिनिटं ४० सेकंदांचा लघुपट १५ मिनिटं १७ सेकंदांचा होतो. कानच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा श्रेयनामावलीसकट १५ मिनिटं आहे. म्हणजे अर्ज करताना आत असलेला चित्रपट प्रत काढताना बाहेर जातो. आवाजही किंचित जड होतो; स्वर सावरून घ्यायला साउंडवाल्याला आठवणीने सांगावं लागतं. एसआरटीतल्या वेळा तशाच ठेवल्या तर शेवटाकडे सबटायटल संवादाच्या तब्बल अर्धा मिनिट पुढे धावतं.

उपाय चित्रीकरणाआधीच करायचा. कॅमेरा २४ वर लावा. आपल्या विजेच्या ५० हर्ट्झमुळे ट्यूबलाइट किंवा साध्या एलईडीखाली २४ फ्रेमवर चित्र लुकलुकतं. ते टाळायला शटर १७२.८ अंशांवर, म्हणजे एक पन्नासांश सेकंदावर ठेवा. मालिकेच्या सेटवर २५ आणि १८० अंश ही जोडी हा प्रश्न आपोआप सोडवते, म्हणून तो तिथे कुणाच्या लक्षातच आलेला नसतो.

आवाजातही टीव्हीची सवय आड येते. मालिकेचं मिक्सिंग स्टिरिओ असतं, घरच्या टीव्हीसाठी केलेलं. तेच सभागृहात लावलं की संवाद पडद्याच्या मधून येण्याऐवजी डाव्या-उजव्या स्पीकरमधून येतात, आणि कडेला बसलेल्या माणसाला ते एकाच बाजूने ऐकू येतात. निदान संवाद मधल्या चॅनेलवर आणून ५.१ मिक्स, म्हणजे मधल्या, बाजूच्या आणि मागच्या स्पीकरसाठी वेगळं मिक्सिंग, करून घ्या. पार्श्वसंगीत मालिकेच्या सवयीपेक्षा बरंच खाली ठेवा.

लांबीचा विचार पटकथेपासूनच करायचा असतो. कान १५ मिनिटं, व्हेनिसचा ओरिझोंती लघुपट विभाग २०, बर्लिन ३०, ऑस्करचा लघुपट विभाग ४०. श्रेयनामावली धरून. आपल्याकडे विशेष आभारांची यादी दीड-दोन मिनिटं वर जात राहते. कुणाला वाईट वाटू नये म्हणून ती कापायला कुणी धजत नाही. माणुसकी म्हणून ते योग्य आहे, फक्त नावं दोन स्तंभांत, लहान अक्षरात आणि चाळीस सेकंदांत बसवा. मर्यादेत असूनही वीस मिनिटांच्या पुढचे लघुपट मागे पडतात, कारण महोत्सवाला दीड तासाच्या खेळात पाच-सहा चित्रपट बसवायचे असतात.

फिल्मफ्रीवेची मोठी उणीव म्हणजे तिथे अस्सल महोत्सव आणि पारितोषिकांची दुकानं शेजारी शेजारी, एकाच रूपात मांडलेली आहेत. दोघांचीही पानं देखणी, दोघांनाही पाचापैकी पावणेपाच तारे. ताऱ्यांवर भिस्त ठेवू नये, कारण अभिप्राय लिहायला उत्साह असतो तो जिंकलेल्यांना. नाकारलेले गप्प बसतात. जो महोत्सव सगळ्यांनाच काहीतरी देतो, त्याचे तारे सर्वांत जास्त असतात.

दुकान ओळखायच्या खुणा मात्र पक्क्या आहेत. स्पर्धा दर महिन्याला होते. विभाग पन्नास-साठ असतात. नावात कान, हॉलीवूड किंवा ऑस्करची आठवण करून देणारा शब्द असतो. सभागृहाचा पत्ता नसतो, मागच्या वर्षीच्या खेळांचं वेळापत्रक कुठेच सापडत नाही. निकालानंतर ट्रॉफी आणि प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागतात. सर्वांत खात्रीची तपासणी म्हणजे फिल्मफ्रीवेबाहेर जाऊन त्या शहराच्या वर्तमानपत्रात महोत्सवाबद्दल काही छापून आलं आहे का ते शोधणं. प्रेक्षक बसलेल्या सभागृहाचे फोटो पाहा. नुसत्या लाल गालिच्याचे फोटो पुरावा नव्हेत.

टीव्हीच्या कलाकारांना हा सापळा जास्त घातक आहे, आणि हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे. पोस्टरवर वीस लॉरेल, म्हणजे महोत्सवांची पानांच्या कमानीची चिन्हं, लागली की ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कारविजेती’ अशी बातमी होते, चाहते खूश होतात, पुढच्या मालिकेच्या मीटिंगमध्ये विषय निघतो. पण ज्यांच्याकडून लघुपटाच्या कामाला खरी गती मिळते ते निवडकर्ते, निर्माते, ओटीटीवर विकत घेणारे लोक ही लॉरेल क्षणात ओळखतात, आणि मग चांगल्या चित्रपटाकडेही संशयाने बघतात. अशी वीस लॉरेल लावण्यापेक्षा ऑस्करला पात्र ठरवणाऱ्या बेंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सवासारख्या ठिकाणचं एक लॉरेल कितीतरी जड. फिल्मफ्रीवेच्या शोधात ऑस्करपात्र महोत्सव वेगळे काढता येतात, तसेच महोत्सव किती वर्षं चालू आहे आणि फी किती हेही गाळून बघता येतं. या तीन गाळण्या लावल्याशिवाय यादी उघडूच नये.

सगळं काही फिल्मफ्रीवेवर नाही, हेही ध्यानात असू द्या. कान आणि बर्लिनला त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून अर्ज जातो. क्लेर्मों-फेरां हा फ्रान्समधला लघुपटांचा सर्वांत मोठा महोत्सव शॉर्टफिल्मडेपो नावाच्या दुसऱ्याच व्यवस्थेतून अर्ज घेतो. गोव्यातल्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या भारतीय पॅनोरामा विभागाचा अर्ज वेगळा आणि कागदपत्रांच्या दृष्टीने जड असतो. मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठीच भरतो. मराठी लघुपटाला घराजवळचा हा सर्वांत मानाचा महोत्सव आहे, त्याच्या तारखा आधी पाहाव्यात आणि मग बाकीची यादी आखावी.

पैशांचा हिशोब असा. लघुपटाची फी बऱ्याच ठिकाणी वीस ते चाळीस डॉलरच्या घरात असते, आणि मुदत जवळ येईल तशी ती टप्प्याटप्प्याने चढते. लवकरच्या आणि शेवटच्या मुदतीत दुपटीचा फरक पडू शकतो. तीस डॉलरचे दहा अर्ज म्हणजे तीनशे डॉलर. त्यावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क, बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर संकेतस्थळाला दोष देण्याआधी बँकेचं अ‍ॅप उघडा. मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असतात. आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार स्वतः चालू करावा लागतो. मुदतीच्या रात्री हे आठवलं की फार धावपळ होते. भरलेली फी सहसा परत मिळत नाही, अर्ज मागे घेतला तरीही.

गोल्ड नावाचं सशुल्क सदस्यत्व निवडक महोत्सवांच्या फीवर सूट देतं. आधी आपली यादी करा, मग त्या यादीतले किती महोत्सव सूट देतात ते मोजा. एकाच लघुपटासाठी ते क्वचितच परवडतं. त्याऐवजी महोत्सवाला नम्रपणे पत्र लिहून फी माफीचा कोड मागावा. अर्ज करण्याआधी, मुदतीच्या बरंच आधी आणि चार ओळींत मागितला तर तो मिळण्याची शक्यता असते. स्त्री दिग्दर्शकांसाठी किंवा पहिल्या चित्रपटासाठी वेगळा विभाग असेल तर त्याची फीही पाहा. मात्र मुख्य स्पर्धेतून आपण बाहेर जात नाही ना, हे नियमांत वाचून घ्या.

प्रीमियरचा मुद्दा चाहत्यांमुळे बिघडतो. चित्रपट तयार झाला की यूट्यूबवर टाकायचा मोह अनावर असतो, आणि लाखभर लोक बघतीलही. पण तो सगळ्यांसाठी खुला झाला की मोठ्या महोत्सवांचे दरवाजे बरेचसे बंद होतात. शिवाय अनेक ठिकाणी पूर्ण झाल्यापासून एक-दोन वर्षांतलेच चित्रपट घेतात. म्हणून वर्ष-दीड वर्ष महोत्सवांसाठी राखून ठेवायचं, सर्वांत कठीण चार-पाच महोत्सवांना आधी पाठवायचं आणि त्यांचे निकाल आल्यावरच लहानांकडे वळायचं. फिल्मफ्रीवे तुम्हाला एका रात्रीत चाळीस अर्ज करू देतं. ते करू नये.

निकालाची तारीख प्रत्येक अर्जाशेजारी दिसते. ती लगेच मालिकेच्या शेड्यूलशी पडताळा. आधीच चित्रित करून ठेवलेल्या एपिसोडची बँक चार दिवसांची असताना ‘परवा मला केरळला जायचंय’ असं ईपीला, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला, सांगून चालत नाही. महोत्सवाच्या तारखा अर्ज करतानाच माहीत असतात, तेव्हा महिनाभर आधी कथानक ठरवणाऱ्या क्रिएटिव्ह टीमच्या कानावर घातलं तर कथेच्या ट्रॅकमध्ये तुमचं पात्र चार दिवस माहेरी पाठवता येतं. त्याहून आधीची गोष्ट म्हणजे करार. वाहिनीशी किंवा निर्मितीसंस्थेशी एक्सक्लुझिव्हचा करार असेल तर लघुपटासाठी लेखी ना हरकत चित्रीकरणापूर्वीच घ्यावी. तोंडी होकार निवड झाल्यावर विसरला जातो.

संगीताच्या हक्कांबद्दलही संकेतस्थळ काही विचारत बसत नाही. अटी मान्य केल्याची खूण करवून घेतं आणि जबाबदारी तुमच्यावर येते. स्वयंपाकघरातल्या दृश्यात रेडिओवर जुनं भावगीत वाजतंय, एवढ्यासाठीही दोन वेगळ्या परवानग्या लागतात: ध्वनिमुद्रणाची आणि मूळ गीत-चालीची. कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा, पण शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे १९६० च्या ध्वनिमुद्रणाचा हक्क संपलेला असला तरी गीतकाराचा आणि संगीतकाराचा बहुधा जिवंत असतो. नवं गाणं लिहून घेणं स्वस्त पडतं.

अर्ज गेल्यावर पानावर दोन वेगळ्या नोंदी दिसतात, एक अर्जाच्या स्थितीची आणि एक निकालाची, आणि त्यांची गल्लत होते. ‘इन कन्सिडरेशन’ म्हणजे अर्ज पूर्ण आहे एवढंच. ‘इनकम्प्लीट’ असेल तर दुवा किंवा माहिती राहून गेलेली आहे; ते दिसताच त्याच दिवशी दुरुस्त करा. निकालाच्या नोंदीतलं ‘अनडिसायडेड’ निकालाच्या तारखेपर्यंत सहसा बदलत नाही, त्यातून काही अर्थ काढू नका. व्हिमिओच्या आकडेवारीत कुणीच पाहिलेलं दिसत नसेल आणि निकालाची तारीख आठवड्यावर आली असेल, तर महोत्सवाला एक साधं पत्र पाठवायला हरकत नाही. ‘दुवा चालतोय ना?’ एवढंच विचारा.

निवड झाल्याचं पत्र आलं की सगळं घाईत मागतात: डीसीपी, स्वच्छ प्रत, एसआरटी, पोस्टर, स्थिरचित्रं, दिग्दर्शकाचा फोटो, प्रीमियरबद्दलचं लेखी निवेदन. मुदत कधीकधी आठवड्याचीच असते आणि तो आठवडा नेमका मालिकेच्या लग्नाच्या ट्रॅकचा निघतो. म्हणून पहिला अर्ज करण्याआधीच हे सगळं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक एडिटरकडे आणि एक घरी. दुवे पाठवायचे अधिकार एका विश्वासू सहकाऱ्याकडे द्या, म्हणजे तुम्ही शॉटमध्ये असतानाही महोत्सवाला उत्तर जाईल.